मॉक ज्युरी कशासाठी घ्यायची, आणि तिचा निकाल किती मानायचा

प्रश्न थोडक्यात असा: कॅलिफोर्नियात ट्रक अपघाताचा दिवाणी खटला आहे. वादी मोटरसायकलस्वार, प्रतिवादी दोन, म्हणजे ट्रकचालक आणि त्याची कंपनी. तुम्ही प्रतिवादींच्या बाजूच्या फर्ममध्ये आहात. ज्युरी रिसर्चवर, म्हणजे मॉक (नकली) ज्युरीसमोर खटला आधी आजमावून पाहण्यावर, पैसे घातले तर आपण जिंकणार की हरणार हे आधी कळेल का, असे अशील विचारतो आहे. तुमचे कायद्याचे शिक्षण पुण्यात झाल्यामुळे ज्युरीशी कधी संबंध आला नाही, असेही तुम्ही लिहिले आहे.

अशिलाला आधीच स्पष्ट सांगा की जिंकणार की हरणार, ते कळणार नाही. कळतात ती कारणे, आणि पैसे त्यासाठीच घालायचे.

आपल्याकडे न्यायाधीश निकालपत्र लिहितात. कोणता साक्षीदार पटला, कोणता पटला नाही आणि का, हे परिच्छेदांना क्रमांक घालून कागदावर येते. अमेरिकेतली ज्युरी फॉर्मवर ‘हो’, ‘नाही’, टक्के आणि रकमा भरते आणि घरी जाते. कारण द्यायला ती बांधील नसते, आणि फेडरल पुरावा नियम ६०६(ब) नुसार ज्युरीच्या खोलीत काय बोलणे झाले याची साक्ष नंतर देता येत नाही. अपवाद मोजके आहेत. ज्युरीचे नाव काढले की मराठी वाचकाला नानावटी खटला आठवतो, आणि तिथेही हेच दिसते. १९५९ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयातल्या ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष म्हटले, न्यायाधीशांना ते पटले नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. हायकोर्टाची आणि सुप्रीम कोर्टाची कारणे आज कोणालाही वाचता येतात, त्या आठ जणांची मात्र कुठेच नोंद नाही. ही न लिहिली जाणारी कारणे खटल्याआधी त्याच भागातल्या, त्याच प्रकारच्या लोकांकडून काढून घेणे, हा ज्युरी रिसर्चचा गाभा.

पद्धत जुनी आहे. १९७२ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग इथे युद्धविरोधी कार्यकर्त्यांवर खटला चालला, तेव्हा जे शुल्मन या समाजशास्त्रज्ञाने बचाव पक्षासाठी स्थानिक लोकांची पाहणी केली. जास्त शिकलेला माणूस उदार विचारांचा असणार, ही वकिलांची समजूत त्या भागात उलटी ठरली. मुख्य आरोपावर ज्युरीत १० विरुद्ध २ अशी फूट पडली, दहा जण निर्दोष म्हणणारे, आणि निर्णय झालाच नाही. एका काउंटीतला (जिल्ह्यासारख्या भागातला) ठोकताळा दुसऱ्या काउंटीत नेऊ नये, हा त्यातला धडा अजून लागू आहे.

आता कधी काय करायचे ते पाहू. कॅलिफोर्नियात सर्वसाधारणपणे खटल्याच्या तारखेच्या ३० दिवस आधी डिस्कव्हरी (एकमेकांकडून पुरावे आणि माहिती मागवण्याचा टप्पा) बंद होते, तज्ज्ञ साक्षीदारांची १५ दिवस आधी. बहुतेक फर्म पहिली मॉक ट्रायल, म्हणजे मॉक ज्युरीसमोरची नकली सुनावणी, त्या सुमारास घेतात. तेव्हा ज्युरीने ‘गाडीत कॅमेरा का नव्हता?’ असे विचारले तर त्याचे उत्तर देणारा साक्षीदार उभा करायला वेळ उरलेला नसतो. म्हणून दोन टप्पे ठेवा. खटल्याच्या सहा ते दहा महिने आधी साधा फोकस ग्रुप, आणि मुख्य डिपॉझिशन (साक्षीदारांच्या खटल्याआधी शपथेवर घेतलेल्या जबान्या) झाल्यावर पण डिस्कव्हरी उघडी असताना मॉक ट्रायल. पैसे एकाच टप्प्यापुरते असतील तर पहिला घ्या. ऐकायला हे उलटे वाटेल, पण दुसऱ्या टप्प्यावर कळलेल्या गोष्टी बऱ्याचदा दुरुस्त करता येत नाहीत.

फोकस ग्रुपमध्ये ८ ते १० माणसे आणि दोन-तीन तास पुरतात. तिथे युक्तिवाद करायचा नाही. घटना थोडी-थोडी उघडायची आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून विचारायचे: ‘आता तुम्हाला आणखी काय माहीत करून घ्यायचे आहे?’ तुमच्या खटल्यात पहिले वाक्य एवढेच ठेवा: ‘रात्री नऊच्या सुमारास डावीकडे वळणारा ट्रक आणि समोरून सरळ येणारी मोटरसायकल यांची धडक झाली.’ मग थांबा. लोक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मोटरसायकलचा वेग किती होता हे आधी विचारले गेले, की ट्रकचालक किती तास गाडी चालवत होता हे, यावरून दोषाचा काटा कुठून सुरू होतो ते दिसते.

तासांचाच मुद्दा घ्या, कारण वकील इथे हमखास फसतात. आंतरराज्य वाहतुकीत मालट्रकच्या चालकाला सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, तीही कामावर रुजू झाल्यापासून १४ तासांच्या आत. समजा तुमच्या चालकाच्या इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये १० तास ४० मिनिटे आहेत. वकील म्हणतो, नियम पाळला, मुद्दा संपला. टेबलाभोवती बसलेली नर्स किंवा गोदामातला कामगार म्हणतो, ‘साडेदहा तास! म्हणजे डोळे मिटतच आले असतील.’ तुम्ही नियमपालनाचा पुरावा म्हणून जो तक्ता मोठा करून दाखवणार होतात, तोच वादीच्या कामाचा ठरतो. हे कळल्यावर तक्ता लपवून उपयोग नाही, समोरचा वकील तो दाखवणारच. त्याच्याआधी चालकाची विश्रांती, थांबे आणि त्या वळणावरची त्याची प्रत्येक कृती यांची साक्ष यायला हवी. क्रम बदलणे हेच इथे फलित.

मॉक ट्रायलमध्ये साधारण ३६ माणसे, १२-१२ चे तीन गट, आणि एक पूर्ण दिवस लागतो. भरती त्याच काउंटीतून करा. वय, लिंग, वंश, शिक्षण, नोकरी यांचे प्रमाण तिथल्या ज्युरीसाठी येणाऱ्या लोकांशी जुळवा. ते एकूण लोकसंख्येशी तंतोतंत जुळत नाही, कारण नागरिक नसलेले लोक ज्युरीत येत नाहीत. वकील आणि त्यांच्या घरचे, विमा दाव्यांचे काम करणारे, पत्रकार, पक्षकारांना ओळखणारे, आणि गेल्या वर्षभरात अशा अभ्यासात बसलेले यांना वगळा. पैसे मिळतात म्हणून दर महिन्याला कुठे ना कुठे बसणारे ‘सराईत’ लोक उत्तरेही सराईतच देतात. ज्युरीचे समन्स आलेल्याला घेऊ नका. काउंटी लहान असेल तर शेजारची मिळतीजुळती काउंटी निवडा, म्हणजे खऱ्या ज्युरीत तुमचाच मॉक ज्युरर उगवायची वेळ येणार नाही. ३६ हवे असतील तर ४२ बोलवा. सकाळी पाच-सहा जण येत नाहीतच. जास्तीचे आले तर ठरलेले पैसे देऊन परत पाठवा.

प्रयोग बहुतेक वेळा बिघडतो तो सादरीकरणात. आपली बाजू ज्येष्ठ भागीदार मांडतो, समोरची बाजू नुकताच लागलेला असोसिएट मांडतो. साहेबांसमोर साहेबांना हरवायची त्याची छाती नसते. निकाल आपल्या बाजूने लागतो, अशील खूश होतो, तडजोडीचा देकार नाकारला जातो. हे टाळायचे तर फर्ममधला सर्वात धारदार वकील वादीच्या बाजूला उभा करा आणि त्याला आठवडाभर आधी सगळी फाइल द्या. दोघांना वेळ समान: प्रत्येकी ४५ ते ६० मिनिटे, आणि वादीला १० मिनिटांचे प्रत्युत्तर. व्हिडिओ डिपॉझिशनचे तुकडेही समान लांबीचे, एकेका साक्षीदाराची चार-पाच मिनिटे. त्यात समोरच्याच्या साक्षीदाराचे चांगले उत्तर असलेच पाहिजे. पैसे कोणत्या बाजूने दिले हे ज्युररना कळता कामा नये, आणि जमल्यास सूत्रसंचालकालाही. ऑडिओ-व्हिडिओवाल्या मुलाने चहाच्या वेळी एका वकिलाला ‘सर’ आणि दुसऱ्याला नावाने हाक मारली, तरी लोक बरोबर ओळखतात.

जो पुरावा कोर्टात दाखल होईल की नाही याबद्दल वाद आहे, तो मूळ सादरीकरणात घालू नका. चर्चा संपल्यावर शेवटच्या अर्ध्या तासात तो वेगळा दाखवा आणि वेगळी प्रश्नावली भरून घ्या. नाहीतर अर्जावर न्यायाधीशांचा एक निर्णय आला की सगळा दिवस वाया.

प्रश्नावली पाच वेळा भरून घ्यायची: सुरुवातीला (काहीही ऐकण्याआधी), वादीनंतर, प्रतिवादीनंतर, प्रत्युत्तर आणि कायद्याच्या सूचना ऐकल्यावर, आणि गटातल्या चर्चेनंतर. चौथी सर्वात मोलाची, कारण त्यात प्रत्येकाचे स्वतःचे मत असते, दुसऱ्याच्या दबावाखाली न आलेले. चर्चेला दीड ते दोन तास द्या आणि खोलीत सूत्रसंचालक ठेवू नका. फॉर्म खऱ्यासारखाच हवा. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी ज्युरी-सूचनांच्या अधिकृत संग्रहातला, म्हणजे सीएसीआयमधला नमुना घ्या: चालकाचा निष्काळजीपणा होता का, इजेला तो महत्त्वाचा कारणीभूत घटक होता का, वादीचाही निष्काळजीपणा होता का, कोणाचे किती टक्के, आर्थिक नुकसान किती, वेदना-यातनांची भरपाई किती. दिवाणी निर्णयाला १२ पैकी ९ मते लागतात, आणि प्रत्येक प्रश्नाला तेच नऊ जण असावे लागतात असे नाही. मॉक ज्युररना हे सांगितले नाही तर ते एकमतासाठी भांडत बसतात आणि तुमचे दोन तास त्यात जातात.

टक्क्यांचा प्रश्न कॅलिफोर्नियात विशेष महत्त्वाचा. इथे १९७५ पासून शुद्ध तुलनात्मक दोषाचा नियम आहे: वादी ७० टक्के दोषी ठरला तरी ३० टक्के भरपाई मिळते. वेदना-यातनांच्या रकमेत प्रत्येक प्रतिवादी सामान्यतः आपापल्या टक्क्यांपुरताच जबाबदार असतो. आर्थिक नुकसानाचे तसे नाही. त्यामुळे ‘जिंकलो की हरलो’ यापेक्षा कोणत्या वाक्यानंतर वादीचे टक्के २० वरून ३५ वर गेले, हे व्हिडिओत शोधणे जास्त उपयोगाचे असते.

ज्युरर न दाखवलेल्या पुराव्यावर खूप बोलतात. विमा आहे की नाही याचा विचार करू नका, अशी सूचना असते. तरी विम्याचा विषय निघतोच. ऐकताना अस्वस्थ वाटते, पण हेच ऐकण्यासाठी आपण तिथे बसलेलो असतो. प्रत्येक गटात दोघा-तिघांचेच मत बाकीच्यांना ओढून नेते. ते कोण आणि कोणत्या शब्दांनी ओढतात, ते टिपा. तुमच्या बाजूने बोलणाऱ्या ज्युररने जे साधे वाक्य वापरले, ते समारोपाच्या भाषणात जसेच्या तसे वापरता येते. वकिलाच्या वाक्यापेक्षा ते बहुधा सरसच असते.

आता आकड्यांचा मान किती राखायचा? तीन गटांनी तिन्ही वेळा तुमच्या बाजूने कौल दिला, तरी ते तीनच निकाल आहेत. खटला अगदी पन्नास-पन्नास असला, नाणे उडवण्यासारखा, तरी तिन्ही गट एकाच बाजूला जाण्याची शक्यता चारात एक असते. ३६ जणांच्या वैयक्तिक मतांतली चूकमर्यादा सुमारे ±१६ टक्के. म्हणून ‘६० टक्के लोक आपल्या बाजूने’ हे वाक्य अहवालात दिसले की पुढे वाचण्याआधी लेखकाला फोन करा. ४०० जणांच्या पाहणीत ही मर्यादा ±५ च्या आत येते. कोणत्या प्रकारचा ज्युरर धोक्याचा, हे आकड्यांनी ठरवायचे असेल तर अशी २०० ते ४०० जणांची ऑनलाइन किंवा फोनवरची पाहणी वेगळी करावी लागते.

भरपाईच्या आकड्यांची सरासरी काढू नका. बारा जणांपैकी नऊ जणांनी १५ लाख डॉलर लिहिले, दोघांनी शून्य आणि एकाने २ कोटी, तर सरासरी जवळजवळ २८ लाख येते. त्या खोलीत तेवढी रक्कम कोणाच्याच मनात नव्हती. मध्यक १५ लाख. पण २ कोटीवाल्याकडे दुर्लक्षही करू नका. तो गप्प राहणारा आहे की बोलका, यावर अंतिम रक्कम ठरते. प्रतिवादीने स्वतःचा आकडा सांगावा की नाही, हा नेहमीचा वाद. सांगितला तर ‘म्हणजे चूक कबूल’ असे काही जण म्हणतात. न सांगितला तर वादीचा आकडा खोलीत एकटाच उरतो. तीन गटांत याची चाचणी होत नाही. ऑनलाइन २०० जणांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भागांत विभागा, एका भागाला प्रतिआकडा दाखवा, दुसऱ्याला नाही, बाकी सगळे शब्दशः तेच.

ज्युरी निवडीसाठी यातून काय मिळते? ‘निवड’ हा शब्दच फसवा आहे. आवडता ज्युरर घेता येत नाही, नावडता फक्त काढता येतो. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी खटल्यात दोनच पक्ष असतील तर कारण न देता प्रत्येकी सहा जण काढता येतात. तुमच्यासारखे दोनपेक्षा जास्त पक्ष असतील तर साधारणपणे प्रत्येक बाजूला आठ. चालक आणि कंपनी यांचे एकमेकांशी पटत नसेल तर हे आठ कसे वापरायचे, ते आधी लेखी ठरवा, कोर्टात कुजबुजत नव्हे. फेडरल दिवाणी खटल्यात तर तीनच मिळतात, आणि प्रश्न बहुधा न्यायाधीशच विचारतात.

वय, लिंग, धंदा यांवरून मत ओळखता येते, ही समजूत सोडा. अनुभव आणि धारणा जास्त सांगतात: स्वतः किंवा घरच्या कोणी मोटरसायकल चालवली आहे का, मोठ्या वाहनाने कधी धोक्यात आणले आहे का, कामाच्या जागी सुरक्षेची जबाबदारी सांभाळली आहे का. शिवाय वंश किंवा लिंग हे काढण्याचे कारण असू शकत नाही. १९८६ च्या बॅटसन निकालापासून तो नियम आहे, १९९१ मध्ये तो दिवाणी खटल्यांना आणि १९९४ मध्ये लिंगाला लागू झाला. कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम २३१.७ याच्याही पुढे जाते. ते फौजदारी खटल्यांना २०२२ पासून लागू होते, १ जानेवारी २०२६ पासून दिवाणीलाही आहे. त्यात हेतू सिद्ध करावा लागत नाही, आणि काही कारणे मुळातच अग्राह्य मानली जातात: कोणत्या वस्तीत राहतो, इंग्रजी मातृभाषा नाही, सरकारी मदत घेतो, पोलिसांवर विश्वास नाही. सल्लागाराच्या अहवालात ‘अमुक भागातले लोक टाळा’ असे लिहिलेले असेल तर ते वाक्य तुमच्यावरच उलटेल. अ‍ॅरिझोनाने तर कारण न देता काढण्याचा हक्कच २०२२ पासून रद्द केला.

इंटरनेटवर ज्युररची माहिती पाहताना जे सर्वांना खुले आहे तेवढेच पाहा. अमेरिकन बार असोसिएशनचे २०१४ चे औपचारिक मत ४६६ हे असे पाहणे चालते म्हणते, पण फ्रेंड रिक्वेस्ट किंवा कोणताही संपर्क चालत नाही. लिंक्डइन पाहणाऱ्याचे नाव समोरच्याला कळवू शकते, म्हणून लॉग-इन न करता पाहा आणि हे काम करणाऱ्या सहायकालाही लेखी बजावा. त्याआधी न्यायाधीशांचा आदेश वाचा. २०१६ मध्ये ओरॅकल विरुद्ध गुगल खटल्यात न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी दोन्ही बाजूंना असे शोध थांबवायला राजी केले होते.

गोपनीयतेतल्या दोन चुका महागात पडतात. एक, प्रोटेक्टिव्ह ऑर्डरखालची, म्हणजे कोर्टाच्या आदेशाने गोपनीय ठेवलेली कागदपत्रे मॉक ज्युररना दाखवणे. अशा आदेशात ज्युरी सल्लागारांना परवानगी असली तरी मॉक ज्युररना ती आहेच असे समजू नका, शब्द तपासा. दुसरी, स्वतःच्या तज्ज्ञ साक्षीदाराला मॉक ज्युरी पाहायला एकाच बाजूने दिसणाऱ्या आरशामागे बसवणे. वकिलाची तयारी म्हणून या सामग्रीला वर्क-प्रॉडक्टचे संरक्षण मिळते, पण त्या साक्षीदाराला उलटतपासणीत ‘मत बनवण्याआधी काय-काय पाहिलेत?’ असे विचारले की ते धोक्यात येते. मोबाइल दाराशी जमा करा, गोपनीयतेच्या करारावर सही घ्या. ऑनलाइन सत्रात स्क्रीनचा फोटो कोणी काढला तर थांबवता येत नाही, म्हणून संवेदनशील कागद तिथे आणूच नका.

शॅडो ज्युरी, म्हणजे खऱ्या खटल्यात रोज प्रेक्षकांत बसून संध्याकाळी मत सांगणारे चार-पाच भाड्याचे लोक. काही आठवडे चालणाऱ्या मोठ्या खटल्यातच ती परवडते. तुमच्या सहा-सात दिवसांच्या खटल्यात तिचे मत येईपर्यंत साक्षीदार निघून गेलेला असेल.

अशिलाने एवढ्या खर्चाला नकार दिला तर १० जणांचा घरगुती फोकस ग्रुप करा. सभागृह हॉटेलात भाड्याने, भरती बाहेरच्या एजन्सीकडून, सूत्रसंचालक फाइल न पाहिलेला सहकारी, एक कॅमेरा. फक्त ऑफिसातल्या लोकांना, त्यांच्या नवऱ्या-बायकांना आणि मेव्हण्यांना बसवू नका. ते तुम्हाला नाराज करणार नाहीत.

खटला संपल्यावर स्थानिक नियम आणि न्यायाधीश परवानगी देत असतील, आणि ज्युरर स्वतः तयार असतील, तर त्यांच्याशी बोलून घ्या. काही फेडरल न्यायालयांत परवानगीशिवाय संपर्कच करता येत नाही. मॉकच्या वेळची चौथी प्रश्नावली समोर ठेवा आणि तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. मॉकमध्ये गाजलेला मुद्दा खऱ्या खोलीत कोणी काढलाच नाही, असे बऱ्याचदा निघते. मग आपल्या ४५ मिनिटांच्या सादरीकरणात त्याला किती मिनिटे दिली होती ते मोजा.